एमस बरा होईपर्यंत

हेदरक्लफ, हॅलिफॅक्सजवळ
मंगळवार, ९ एप्रिल १९५७

प्रिय रोझलिंड,

देवाच्या दयेनं आम्ही दोघं बरे आहोत. तू आणि लिनेट तिकडे केंटमध्ये सुखरूप असाल.

विल्फ्रेडचं कॅनडाहून पत्र आलं. तू आणि बाळ चौदा जूनच्या बोटीनं साउदॅम्प्टनहून निघणार, असं त्यानं लिहिलंय. माझा मुलगा समुद्रापलीकडून मला ही तारीख कळवतो आणि सून याच देशात बसून कळवत नाही, याचं नवल वाटलं. नवल म्हणते. दुसरा शब्द लिहीत नाही.

जानेवारीत तू विचारलं होतंस की बोटीची वेळ होईपर्यंत बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला येऊ का. तेव्हा एमसला नागीण झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की खपल्या वाळल्याशिवाय तान्ह्या मुलाला घरात आणायचं नाही, मुलाला कांजिण्या होतात. मी तुला तसं लगेच, मोजक्या शब्दांत लिहिलं. तुझं उत्तर आलं नाही. एमस आता कधीचाच बरा झालाय, गिरणीत जातोय. मधे घराची साफसफाई निघाली, चॅपलची कामं निघाली, आणि लिहायचं राहिलं. तेवढ्यावरून माणसं अबोला धरतात का?

आता ये. नात सहा महिन्यांची झाली आणि आजोबानं तिला फोटोत पाहिलंय, तेही टोपी डोळ्यांवर आलेल्या फोटोत. एमसनं विल्फ्रेडचा जुना पाळणा रंगवून पुढच्या खोलीत ठेवलाय. तू येईपर्यंत तो मला तिथे हात लावू देत नाही. धूळ बसते आहे.

तुझी सासू,
हेस्टर ॲकरॉइड


सोमवार, २९ एप्रिल

रोझलिंड,

वीस दिवस झाले. टपाल खातं इतकं वाईट नाही.

आज धुण्याचा दिवस, मला बसायला सवड नाही, पण काल प्रार्थनेत लक्ष लागेना म्हणून लिहिते. मी कुणाशी भांडलेली बाई नाही. चॅपलमध्ये कुणालाही विचार. मी लिहिते ते स्वच्छ लिहिते. मॅट्रिकला इंग्रजीत मला विशेष गुण होते, आणि त्या वर्षी आमच्या खोऱ्यातून पास झालेल्या आम्ही दोनच मुली. आजही कुणाला सरकारी कागद लिहायचा असला की माझ्याकडे येतात. तेव्हा माझं पत्र समजलं नाही, अशी सबब चालणार नाही.

एमस म्हणाला, "अगं, पोरगी दुखावली असेल कशानं तरी."

मी म्हटलं, "कशानं? सरळ इंग्रजीनं?"

तो म्हणाला, "सरळ काठीच जास्त लागते," आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेला. त्याच्याशी बोलणं म्हणजे हे असं.

शेवटचं सांगते. चौदा जूननंतर तुमच्या आमच्यात एक अख्खा समुद्र येणार आहे. आमच्या वयाला तो पुन्हा ओलांडता येत नाही. एमसला त्या मुलीला एकदा हातात घ्यायचंय. तो तसं बोलत नाही, पण फोटो पाकिटात घालून गिरणीत नेतो. ह्यापेक्षा जास्त मी विनवणार नाही. तू उत्तर देईपर्यंत मी दुसरं पत्र टाकणार नाही.

हेस्टर ॲकरॉइड


मंगळवार, २१ मे

माझ्या प्रिय रोझलिंड,

दुसरं पत्र टाकणार नाही म्हटलं होतं, आणि टाकते आहे. कारण वाचलंस की तू हसशील. हसावंस अशी माझी इच्छा आहे. मला मात्र अजून हसू येत नाही.

शनिवारी आमच्या चॅपलचा वर्धापनदिन होता. सव्वाशे माणसांचा चहा. आमचे नवे पाळक मि. पेंगेली कॉर्नवॉलचे आहेत. माणूस गुणी, पण हाताला काम नसलं की मधे मधे करणारे. मला टेबलावरची कापडं आणायला घरी जायचं होतं. ते बॉयलरजवळ काडेपेटी घेऊन उभे. मी जाता जाता म्हटलं, बॉयलर पेटवू नका, व्हाइल त्यात पाणी आहे.

आमच्याकडचं शेंबडं पोरही ह्याचा अर्थ सांगेल: पाणी भरेपर्यंत पेटवू नका. मी परत आले तर दारातच जळका वास. आत मोठा आवाज झाला, बॉयलरचा तांब्याचा तळ फाटला होता. ह्या गृहस्थानं काय केलं होतं? तळाशी बादलीभर पाणी उरलेलं होतं, ते वाटीवाटीनं उपसून बाहेर टाकलं, आतून फडक्यानं कोरडं केलं, आणि मग पेटवलं. तोंडावर काजळी आणि त्यातून माझ्याकडे असे बघतायत की मीच त्यांना फसवलं.

"मिसेस ॲकरॉइड, तुम्हीच म्हणालात, पाणी आहे तोवर पेटवू नका."

"मी म्हटलं, पाणी येईपर्यंत पेटवू नका."

"नाही हो. तुम्ही म्हणालात व्हाइल."

"म्हणजे तेच ना?"

एमस दारात टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "दोघंही एकच वाक्य म्हणताय आणि भांडताय. आमच्या लग्नातसुद्धा एवढं झालं नव्हतं."

चहा शेजारच्या चार घरांतल्या किटल्यांवर झाला. चॅपलमधली मिसेस थॉर्नबर सगळ्यांना सांगत फिरत होती की हेस्टरनं सांगितलं तसंच पाळकांनी केलं. मी कप विसळत राहिले.

संध्याकाळी मि. पेंगेली आपला जाडजूड शब्दकोश काखेत मारून आमच्या घरी आले. क्षमा मागायला म्हणून आले आणि त्या शब्दात रमून गेले. मीही बघितलं. पोरी, हा एवढासा शब्द रोज तोंडात असतो, पण त्याला किती संसार आहेत. 'थोडा व्हाइल बसा' म्हणजे थोडा वेळ. एखादं काम 'व्हाइल'च्या लायकीचं, म्हणजे वेळ घालवण्याच्या लायकीचं. नुसती दुपार 'व्हाइल' करून टाकली, म्हणजे रिकामी घालवली, जे मी जन्मात केलं नाही. तो झोपलाय 'व्हाइल' मी भाकरी भाजते, म्हणजे तो झोपलेला असताना. एक भाऊ उंच 'व्हाइल' दुसरा बुटका, म्हणजे दुसरा मात्र. इतके सगळे अर्थ मोठ्या अक्षरांत, क्रमानं, उदाहरणांसकट. आणि शेवटी, तळाशी, बारीक टायपात, आमचा अर्थ: 'पर्यंत'. पुढे लिहिलंय, उत्तरेकडचा, प्रांतिक.

बावन्न वर्षं मी हा शब्द वापरला. गिरणी सात व्हाइल पाच. दुकान बंद व्हाइल सोमवार. शाळेत वापरला, परीक्षेत वापरला, कुणी लाल रेघ मारली नाही, कारण मास्तरही इथलेच होते. आणि तो असा मागच्या दारी, गड्यामाणसाच्या बाकावर बसवलेला. मि. पेंगेलींनी समजूत घातली की जुन्या काळी साऱ्या देशात हा अर्थ चालायचा, तुम्ही तो जपलात एवढंच. मी म्हटलं, जपून काय मिळालं? फाटका बॉयलर.

ते गेल्यावर मला तुला लिहिलेलं पत्र आठवलं. मी पत्रांचे मसुदे हिशेबाच्या वहीत मागल्या बाजूनं लिहिते, कागद वाया जाऊ नये म्हणून. जानेवारीचं पान उघडलं. तुला लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं हे: 'येऊ नकोस, व्हाइल एमस बरा आहे.'

मी ते पाळकांच्या कानांनी वाचलं. तुझ्या कानांनी. एमस बरा होईपर्यंत येऊ नकोस, असं मी लिहिलं. एमस धडधाकट आहे तोवर इथे पाऊल टाकू नकोस, असं तू वाचलंस. जिवंत म्हाताऱ्याला तुझं तोंड बघायचं नाही, असा अर्थ होतो तो. देवा रे. आणि पुढच्या दोन्ही पत्रांतही तेच. तू 'येईपर्यंत' एमस पाळण्याला हात लावू देत नाही, तू 'उत्तर देईपर्यंत' मी लिहिणार नाही, सगळीकडे व्हाइल. तू म्हणत असशील, म्हातारीला वेड लागलं.

तर रोझलिंड, दोष माझा नाही आणि तुझाही नाही. दोष एका शब्दाचा आहे. आता तो उलगडला. गाडीची वेळ कळव, एमस हॅलिफॅक्सच्या स्टेशनवर येईल. दिवस थोडे उरलेत.

तुझी प्रेमळ सासू,
हेस्टर


[केंटहून आलेलं कार्ड, २५ मे]

मिसेस ॲकरॉइड,

तुमचं पत्र मिळालं. 'व्हाइल'चा तुमचा अर्थ मला ठाऊक होता. तुमच्याकडे दोन दिवस राहिले होते तेव्हा पहिल्याच संध्याकाळी विल्फ्रेडनं शिकवला. तुमचं जानेवारीचं पत्र मी बरोबर वाचलं. बाबा बरे होईपर्यंत थांबायचं. मी थांबले.

सव्वीस फेब्रुवारीला क्लॅराआत्यांचं पत्र आलं की त्यांचा भाऊ सोमवारपासून कामावर जातोय. त्यानंतर सहा आठवडे मी रोज टपालाच्या वेळी जिन्यात उभी राहायचे, मूल कडेवर घेऊन.

बॉयलरचं वाईट वाटलं.

रोझलिंड


मंगळवार, २८ मे

रोझलिंड,

तुझं कार्ड मी एमसला वाचून दाखवलं नाही. त्यानंच खिडकीतून उचलून वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाला, "आता काय, दुसरा शब्दकोश आणायचा का?" आणि रात्रीचं जेवण न जेवता बाहेर जाऊन बसला. बत्तीस वर्षांत तो माझ्याशी असं बोललेला नाही.

काल दिवसभर मी तुझ्यावर चिडले, मग क्लॅरावर, मग त्या शब्दावर. सगळ्यांवर चिडून झालं. आता लिहिते ते मसुदा न करता लिहिते.

तेवीस फेब्रुवारीला डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. पंचवीसला एमस गिरणीत गेला. त्याच दुपारी मी वही उघडून लिहिलं: 'एमस बरा झाला. लिनेटला घेऊन ये.' ते पान वहीत आहे. ते पत्र मी चांगल्या कागदावर कधी उतरवलंच नाही.

का, ते सांगते. तुझे वडील पब चालवतात, आणि तू बाळाला घेऊन त्या पबच्या वरच्या खोल्यांत राहतेस. मी नवव्या वर्षी दारूला न शिवण्याची शपथ घेतली. चॅपलच्या वहीत माझी सही आहे, वाकडीतिकडी. माझा बाप शनिवारची मजुरी घरी आणायच्या आधी कुठे थांबायचा, ते मला माहीत आहे. पण हे कारण पुढे करून मी मोठेपणा घेणार नाही. खरं कारण ह्याहून हलकं आहे. मिसेस थॉर्नबरनं नाताळात विचारलं होतं की सुनेचे वडील काय करतात. मी म्हटलं, व्यापार करतात. ते खोटं नव्हतं, खरंही नव्हतं. तू येऊन वर्धापनदिनाला तिच्या शेजारी बसली असतीस आणि तिनं तुला विचारलं असतं. तू सरळ सांगितलं असतंस. तू सांगणारीच आहेस.

म्हणून मी म्हटलं, आधी घर झाडून होऊ दे. मग म्हटलं, ईस्टर जवळ आलाय. रोज गुडघे टेकून प्रार्थना करत होते आणि रोज ती वही कपाटात होती. तुझं उत्तर आलं नव्हतं म्हणून मला आत कुठेतरी बरंही वाटलं. चला, राग तिनं धरलाय, मी नाही. विल्फ्रेडनं बोटीची तारीख कळवली नसती तर अजून किती दिवस गेले असते, मला सांगता येत नाही.

तुमच्या लग्नाला आलो नाही, तेव्हा एमसच्या छातीचं कारण लिहिलं होतं. त्याची छाती ठणठणीत होती. तो नवी कॉलर घालून तयार बसला होता. जायचं नाही, असं मीच म्हटलं.

शब्द सापडला तेव्हा मला केवढा आनंद झाला, ते तू माझ्या पत्रात वाचलंसच. चार पानं खरडली. सुटल्यासारखं वाटलं होतं.

तुला इथे ये म्हणण्याचा हक्क मी घालवला आहे. म्हणून मी येते. सोमवारी, तीन जूनला, संध्याकाळी साडेपाचला तिथे पोचणाऱ्या गाडीनं. शेफील्डच्या खाली मी कधी गेलेले नाही, पण माणसं जातात. तुला दार उघडायचं नसलं तर उघडू नकोस. मी सहापर्यंत बाहेर उभी राहीन, मग स्टेशनवर जाऊन बसेन, मंगळवारी सकाळी परत फिरेन. तुला कुणी काही म्हणणार नाही. मी तर नाहीच.

हेस्टर


केंट
मंगळवार, ४ जून

प्रिय एमस,

मी पोचले. लंडनमध्ये एका पोर्टरनं दुसऱ्या स्टेशनचा रस्ता दाखवला, तो आपल्याच बाजूचा निघाला, हडर्सफील्डचा. मी त्याला सँडविच दिलं.

इथे आले तेव्हा बाजूचं दार बंद होतं. दोनदा ठोठावलं. आत कुणी हललं नाही. सहा वाजत आले होते, पब उघडला होता. मी ठरवलेल्या वेळेपर्यंत उभी राहिले. मग मला स्वतःचाच राग आला. बाहेर उभं राहून परत जाणं म्हणजे पुन्हा तेच, वहीत पान लिहून ठेवायचं आणि पाठवायचं नाही. मी पुढच्या दारानं आत गेले.

एमस, मी पबमध्ये गेले. टोपी, हातमोजे, पिशवी सगळ्यासकट. आठ-दहा पुरुष होते, सगळ्यांनी माना वळवल्या. मी विचारलं, मिसेस ॲकरॉइड कुठे राहतात? माझं उत्तरेकडचं बोलणं ऐकून कोपऱ्यातला एक म्हातारा पाइप काढून म्हणाला, "तुम्ही त्या व्हाइलवाल्या बाई का?" म्हणजे सगळ्या गावाला माहीत. मी म्हटलं, हो, त्याच. दुसरा म्हणाला, "मग बॉयलर जपून रे, फ्रँक." आणि सगळे हसले. मीही उभी राहून ऐकून घेतलं. दुसरं काय करणार होते.

फ्रँक म्हणजे रोझलिंडचे वडील. दाराएवढा माणूस. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि म्हणाले, "बाई, घाबरू नका, आमच्याकडे पाणीही मिळतं." मग मला जिन्यानं वर नेलं.

ती खिडकीपाशी मुलीला भरवत होती. मी खाली उभी होते तेव्हा तिनं वरून पाहिलं होतं, हे तिनं स्वतःच सांगितलं.

ती म्हणाली, "मी अजून रागावलेली आहे."

मी म्हटलं, "असू दे."

"आज उतरणार नाही तो."

"उतरवू नकोस."

ती म्हणाली, "बसा. त्या खुर्चीचा पाय हलतो, पलीकडच्या बसा."

मी बसले. मग तिनं विचारलं, "ते फेब्रुवारीचं पान खरंच आहे का?" मी पिशवीतून वही काढून तिच्यापुढे उघडून धरली. तिनं दोन ओळी वाचल्या, वरची तारीख बोटानं चाचपली, आणि मला न विचारता ते पान फाडून घेतलं. म्हणाली, "हे माझं आहे." घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवलं. मागच्या बाजूला आपला फेब्रुवारीचा सगळा किराणा होता.

नंतर तिला भांडं उतरवायचं होतं म्हणून तिनं मुलगी माझ्याकडे दिली. तेवढ्यासाठीच दिली. पण भांडं उतरवून झाल्यावर परत मागितली नाही.

डोळे विल्फ्रेडचे आहेत. कपाळ तुझं, बिचारीचं.

रात्री खालून गाण्याचा आवाज येत होता. मी माझी प्रार्थना केली, मधे मधे चुकली.

आज सकाळी मी हे लिहायला बसले तर रोझलिंड म्हणाली, पाकिटात घालायच्या आधी मला दाखवा, तुमच्या लिहिण्याचा भरवसा नाही. चेष्टेत म्हणाली की खरं, ते कळलं नाही. दाखवते आहे. खाली तिनं काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही.

कोंबड्यांकडे बघायला क्लॅराला सांग.

तुझी,
हेस्टर

बाबा, गिरणीतून रजा काढा आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीनं या, बोटीच्या दिवसापर्यंत इथेच राहा. झोपायला अरुंद आहे, पण जागा आहे. लिनेटला खाली दोन दात आलेत. बोट देऊ नका, चावते. — रो.